भिंगरीचे पाय

"ताई, असलं पिल्लू पहिल्याच दिवशी बाजूला काढायचं असतं. तू उगाच त्याचे हाल करतीयेस."

माझा मामेभाऊ फोनवर एवढं बोलला आणि लगेच पुढे आईची तब्येत, पाऊस किती झाला, लावणी उरकली का वगैरे विचारायला लागला. त्याच्या बोलण्यात खोट काही नव्हती. शिरूरकडे त्याच्या ब्रॉयलरच्या शेड आहेत, कंपनी एक दिवसाची पिल्लं आणून टाकते, खाद्य कंपनीचंच, पाच-सहा आठवड्यांत माल उचलला जातो. हजारोंनी पिल्लं एका छपराखाली असली की रोज सकाळची पहिली फेरी ही मेलेली, मलूल आणि लंगडी पिल्लं वेचायचीच असते, नाहीतर बाकीची त्यांना तुडवतात नाहीतर टोचून मारतात. त्याने त्याच्या अनुभवातून सांगितलं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. भांडी लावताना, धायरी फाट्यावरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी बंद करून थांबलेली असताना, ऑफिसात कुणीतरी काहीतरी समजावून सांगत असताना मध्येच ते यायचं. कारण तेच मला आदल्या रात्री, कधीतरी दोन-अडीचला, बल्बच्या उजेडात त्या पिल्लाकडे बघताना वाटून गेलं होतं. त्याने फक्त ते मोठ्याने म्हटलं.

आमचं गाव वेल्ह्याच्या पुढे. आईकडे थोड्या गावठी कोंबड्या आहेत, दिवसभर परड्यात उकरत असतात, संध्याकाळी डालग्याखाली. ज्येष्ठात त्यातली एक खुडूक झाली. आजी असती तर म्हणाली असती की पावसाच्या तोंडावर कोंबडी बसवू नका, पावसातली पिल्लं टिकत नाहीत. पण कोंबडी जागची उठायलाच तयार नाही म्हटल्यावर आईने टोपलीत पेंढा घातला, अंडी मांडली, विजेने अंडी नासू नयेत म्हणून कडेला लोखंडाचा तुकडा खोचला आणि दिली बसवून. एकवीस दिवस. बाकीची वेळेवर निघाली, एकच अंडं मागे राहिलं. मी लावणीसाठी म्हणून शनिवारी पोचले तेव्हा कोंबडी बाकीच्यांना घेऊन कधीच अंगणात उतरली होती आणि टोपलीत हे एकटं. अजून धड वाळलेलंही नव्हतं. दोन्ही पाय दोन बाजूंना सरळ फाकलेले, पोट पेंढ्याला टेकलेलं, उठायला गेलं की पाय आणखी फाकायचे आणि तोंड आपटायचं. बाहेरून कोंबडीचा कुक-कुक आवाज आला की याची मान ताठ व्हायची, सगळं अंग त्या आवाजाकडे जायचं, पाय तेवढे तिथेच.

मला तेव्हा त्या कोंबडीचा राग आला होता. आता नाही येत. चालती पिल्लं दाण्यापाण्याला न्यायची की न चालणाऱ्यासाठी बसून राहायचं, यात तिच्याकडे निवड नव्हतीच. आई म्हणाली, "हे काय जगत नाही." आणि असं म्हणतच तिने जुन्या लुगड्याचा तुकडा फाडला, त्यात त्याला गुंडाळलं आणि चुलीच्या कडेला, हात पोळणार नाही एवढ्या अंतरावर ठेवून दिलं. मग परत खाचरात. आई हे सगळं बोलण्यातून करत नाही.

रविवारी मी त्याला बुटाच्या खोक्यातून पुण्याला आणलं. पाबे घाट उतरून खानापूरला येईपर्यंत ठीक होतं, पुढे खडकवासल्याला रविवारची संध्याकाळ, पाऊस, भाजलेल्या कणसांचा धूर, रस्त्यात आडव्या लावलेल्या गाड्या. तासभर गाडी जागच्या जागी. खोक्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली होती ती हळूहळू गार पडत गेली आणि पिल्लू ओरडायला लागलं. एवढ्याशा जिवाचा तो आवाज किती टोकदार असतो हे बंद गाडीत कळतं. हात आत घातला की तो थांबायचा. नुसता थांबायचा नाही, त्याच्या जागी एक वेगळाच, बारीक, थरथरता, खालच्या पट्टीतला आवाज सुरू व्हायचा, जो मी त्याआधी आयुष्यात ऐकला नव्हता. म्हणून तासभर तसाच हात ठेवून बसले. माझ्या मते सगळं तिथेच ठरलं, नंतर घेतलेले निर्णय हे त्याच्या मागून आलेले.

घरी आल्यावर पहिली अडचण उबेची. पिल्लाला पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत न्यायचं. आणि आमच्या घरात एकही बल्ब गरम होत नाही! सगळे एलईडी. पिवळा साठ वॅटचा बल्ब धायरीतल्या कुठल्याच दुकानात मिळेना, शेवटी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले, तिथेही दोन-तीन ठिकाणी मान हलली, मग एका म्हाताऱ्या दुकानदाराने स्टुलावर चढून वरच्या फळीवरून धुळीचा खोका काढला. "देवघराला पाहिजे का?" "नाही, कोंबडीच्या पिल्लाला." त्याने बल्ब होल्डरला लावून पेटवून दाखवला, तळहात जवळ धरून ऊब बघितली आणि म्हणाला, अगदी डोक्यावर लावू नका, खोक्याच्या एका कोपऱ्यात लावा, म्हणजे गरम झालं तर त्याला लांब सरकता येईल. एवढी नेमकी गोष्ट मला तोवर कुणी सांगितली नव्हती. पण सरकायला पाय हवेत. त्यामुळे पहिले काही दिवस त्याच्या वतीने सरकायचं काम माझं. चोच उघडी ठेवून धापा टाकतंय म्हणजे उकडतंय, अंग आखडून ओरडतंय म्हणजे थंडी. रात्री उठून तेवढं बघायचं.

पायांचं तसं सोपं होतं, म्हणजे ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी सोपं करून सांगितलं. आपल्याकडे कुत्र्यामांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली, कोंबडीच्या एका पिल्लाला हात लावणारा शोधायला वेळ लागतो. यांनी आधी मला जमिनीबद्दल विचारलं. खोक्यात वर्तमानपत्र अंथरलं असेल तर काढा म्हणाले, गुळगुळीत कागदावर धड पिल्लाचेही पाय फाकतात, खडबडीत टॉवेल नाहीतर जाळीचं रबर घाला. फाकले कशाने हे एका पिल्लावरून सांगता येत नाही, अंड्यात आडवं बसलं असेल, उबेत कमीजास्त झालं असेल, बाहेर येताना धडपडलं असेल. मग त्यांनी चिकटपट्टीची बारीक पट्टी कापली, एका पायाला गुंडाळली, मध्ये बोटभर अंतर सोडून दुसऱ्या पायाला, आणि मधल्या भागाच्या दोन्ही चिकट बाजू एकमेकींवर दाबून टाकल्या. पायांना एवढीशी बेडी. पहिल्या दिवसांत हाडं इतकी कोवळी असतात की चार-पाच दिवस जागेवर धरून ठेवली तर तशीच वळतात, उशीर केला तर मग नाही. आणि दिवसातून काही वेळ त्याला छोट्या कपात बसवायचं, तळाशी मऊ कापड, म्हणजे पाय आपोआप पोटाखाली राहतात.

तो कप आमचा चहाचाच. कपाच्या काठावरून फक्त डोकं वर, चोचीच्या टोकावर अंडं फोडायचा तो पांढरा कण अजून तसाच, आणि मग डोळे खालून वर मिटत जायचे. पक्ष्यांची खालची पापणी वर येते हे मी त्या कपामुळे बघितलं. झोपलं की मान काठावरून अशी लुळी पडायची की प्रत्येक वेळी मी बोट लावून बघायचे.

खरी अडचण मात्र पायात नव्हतीच.

बेडी काढल्यावर ते उभं राहिलं. खरंच राहिलं, दोन्ही पायांवर, बोटं नीट पसरून. मुलगी टाळ्या वाजवायला लागली आणि तेवढ्यात त्याची मान डावीकडे कलली, मग अंग कललं, मग ते स्वतःभोवती फिरत फिरत खाली बसलं. परत उठलं, परत तेच, आणि दर वेळी डावीकडेच. मुलीने त्याचं नाव भिंगरी ठेवलं ते तेव्हा. मी परत डॉक्टरांकडे. त्यांनी जी यादी सांगितली ती ऐकून मी घाबरले होते, पण त्यांची विचार करायची पद्धत मला फार आवडली, एकेक गोष्ट ते खोडत गेले. मानमोडी, म्हणजे राणीखेत? त्यातही मान वळते, पण मग गावाकडची बाकीची पिल्लं आणि कोंबड्या धडधाकट कशा, आणि याला ना सर्दी ना हिरवी शी. मारेक? हंगेरीतल्या योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये वर्णन केलेला तो आजार, एक पाय पुढे एक मागे टाकून कोंबडी बसून राहते, उबवणी केंद्रात त्याची लस पहिल्याच दिवशी देतात आणि गावठी पिल्लांना ती कधीच मिळत नाही. पण तो दिसायला काही आठवडे तरी जावे लागतात, हे तर जन्मापासूनचं. बी-टू व्हिटॅमिन कमी पडलं तर पायाची बोटं मुठीसारखी आत वळतात, याची सरळ होती. बी-वन कमी असेल तर मान मागे, आकाशाकडे जाते. ई कमी पडलं तर मेंदूचा तोल सांभाळणारा मागचा भागच बिघडतो, पण तेही शक्यतो जरा मोठेपणी. शेवटी म्हणाले, नक्की काहीही असू शकतं, जन्मतानाचा मारही असेल, व्हिटॅमिनचे थेंब देऊन बघू, त्याने नुकसान नाही. आणि हात साबणाने धूत जा, पिल्लाला तोंडाशी धरून पापे घेऊ देऊ नका मुलीला, साल्मोनेलाचे जंतू असतात.

निघताना त्यांनी मला एक गोष्ट करून दाखवली. टेबलाजवळच्या पिंजऱ्यात कुणाची तरी उपचाराला आलेली कोंबडी होती. तिला दोन्ही हातांत धरून त्यांनी पुढे नेलं, मागे आणलं, वर-खाली केलं. अंग हलत होतं, डोकं हवेत जिथल्या तिथे. डोळे एका जागी धरून ठेवायचे म्हणून मान उरलेलं सगळं हलणं पोटात घेते. कोंबडी चालतानासुद्धा तसंच करते, डोकं आधी झटक्यात पुढे जाऊन थांबतं आणि अंग मागून येऊन त्याला गाठतं. पक्ष्यांना आतल्या कानाशिवाय कमरेच्या मणक्यातही तोल समजत असावा असं काही संशोधकांचं म्हणणं आहे, म्हणून एका पायावर झोपूनही ते पडत नाहीत. मग त्यांनी भिंगरीला तसंच धरलं. उजवीकडे नेताना तिचं डोकं क्षणभर जागेवर राहिलं. डावीकडे नेताना ते अंगाबरोबर वाहत गेलं. तेवढंच. पण मला त्या एका हालचालीत तिला जग कसं दिसत असेल ते कळलं, जमीन सतत एका बाजूने निसटत असणार. ती पडत नव्हती, ती निसटणारी जमीन धरायला जात होती. इतके दिवस मी जिला पडणं म्हणत होते त्यात तिची एवढी मेहनत होती.

ते आषाढाचे शेवटचे दिवस होते. डॉक्टरांकडून परत येताना सिंहगड रस्त्यावर वेंकटेश्वरा हाऊस लागतं, देशातल्या सगळ्यात मोठ्या पोल्ट्री उद्योगांपैकी एकाचं ऑफिस, त्याच्यापुढून मी मांडीवर खोकं घेऊन रिक्षातून गेले. आणि धायरीत शिरल्यावर चिकनच्या दुकानांपुढे रांगा, श्रावण लागायच्या आधीच्या. पातळ रश्श्यासाठी लेग पीस वेगळे काढून द्या म्हणून कुणीतरी सांगत होतं. आमच्या घरीही त्या रविवारी चिकन ठरलेलं होतं. मी केलं. खाल्लंही, पण नेहमीसारखं नाही खाल्लं गेलं, हाड हातात घेतल्यावर गुडघ्याचा सांधा कसा बसतो तिकडेच लक्ष. पिल्लाला ताकद यावी म्हणून मी रोज उकडलेल्या अंड्याचं पिवळं बोटांनी चुरून भरवत होते, तेही तसंच. अंड्यातलं बलक घेऊनच तर ते जन्माला आलेलं, पोटात ओढून घेतलेल्या त्या बलकावर पिल्लू पहिले दोन दिवस काही न खाता राहू शकतं. मला यात काही सुसंगत करता आलेलं नाही आणि मी त्याचा फार प्रयत्नही करत नाही.

लहानपणी आमच्या शाळेबाहेर एक माणूस सायकलला टोपली लावून रंगीत पिल्लं विकायचा. गुलाबी, पोपटी, निळी. तुमच्यापैकी पुष्कळांनी घेतली असतील. आम्हीही घेतली, खोक्यात ठेवली, तांदळाच्या कण्या टाकल्या, आणि ती गेली, सगळ्यांचीच जायची, कुणी फार विचारायचंही नाही. ती बहुतेक अंड्यांच्या जातीची नर पिल्लं असायची हे मला फार उशिरा कळलं. नर अंडी देत नाही आणि त्या जातीचा नर मांसासाठी लवकर भरत नाही, म्हणून उबवणी केंद्रातून ते पहिल्याच दिवशी बाहेर पडतात, काही रंगात बुडवून सायकलवर, बाकीचे त्याहून वाईट रीतीने. जर्मनीत २०२२ पासून अशी पिल्लं मारायला कायद्याने बंदी आहे, तिथे आता अंड्यातच नर-मादी ओळखतात. म्हणजे बाजूला काढणं तर आहेच, लंगड्यांपुरतंच नाही. मामेभावाच्या शेडमध्येही आहे, हॅचरीत आहे, आणि परड्यातल्या कोंबडीनेही दुसरं काय केलं. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा तर धडधाकट कोंबड्याही लाखांनी गेल्या. मामाची तेव्हाची पोल्ट्री गावाकडे होती, रोग कुठल्या कुठे लांब, तरी भाव इतका पडला की खाद्याचे पैसे निघेनात. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं ते मला आठवतंय. मामेभाऊ तेव्हा कॉलेजला होता, ते सोडून तो शेडवर उभा राहिला. त्यामुळे एका पिल्लाचं काय ते त्याने मला शिकवावं हे मला मान्य आहे. त्याला पिल्लं माझ्यापेक्षा जास्त कळतात.

पण हाल?

त्या प्रश्नाशी मी बरेच दिवस घुटमळले. एकदा रात्री भिंगरी पाण्याच्या झाकणात तोंडावर पडली. पाणी उथळ, त्यात मी गोट्या टाकून ठेवल्या होत्या तरी नाकपुड्या भिजल्या, अंग गार पडलं. तिला छातीशी धरून बल्बखाली बसले होते आणि मनात स्पष्ट आलं की हे थांबवायला हवं, डॉक्टरांना सकाळी सांगावं. सकाळी फोन केलाही. त्यांनी मला धीर दिला नाही की नको म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "खातंय का? आणि खाण्याकडे आपण होऊन जातंय, की तुम्ही चोच बुडवता म्हणून खातंय?" मी फोन चालू ठेवून बघायला गेले. खोक्याच्या लांबच्या कोपऱ्यात चुरलेलं पिवळं पडलेलं होतं. भिंगरी खोक्याच्या भिंतीला उजवं अंग चिकटवून, भिंतीला घासत घासत, तिकडे निघाली होती. भिंत डावीकडे असताना ती नुसती टेकायची आणि अडकायची. उजवीकडे घेतली की तिचं डोकं जरा स्थिर व्हायचं. हे तिने रात्रीतून कधीतरी शोधलं होतं. पोचायला खूप वेळ लागला, पोचल्यावर चोच दोनदा बाजूला पडली, तिसऱ्यांदा दाणा उचलला, मान वर करून गिळला आणि लगेच दुसऱ्याला सुरुवात. मी फोनवर म्हटलं, जातंय. ते म्हणाले, मग उद्या परत बघा.

तेव्हापासून मी तेवढंच करते. ठरवून टाकलं नाही. रोज सकाळी बघायचं की ही आज खाण्याकडे निघालीये का. मामेभावाला हजारांत हे बघता येणार नाही, त्याच्याकडे तो वेळ नाही, जागा नाही, तिथे लंगडं पिल्लू खरंच हाल होऊनच मरतं. माझ्याकडे एक खोकं आहे आणि सकाळची दहा मिनिटं आहेत. दोघांची उत्तरं वेगळी येणारच. मात्र जिथे बघणं शक्य आहे तिथे न बघताच हाल म्हणून टाकणं मला नाही पटत, आणि जगवायचंच म्हणून हट्टाने भरवत राहणंही नाही पटत. त्या सकाळी ती जागची हलली नसती तर मी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले असते, हेही मला माहीत आहे.

थेंबांमुळे म्हणा, वाढीमुळे म्हणा, फिरणं कमी होत गेलं. मानेचा कल राहिला. पंखांवर खरी पिसं आली, मग शेपटीला, आणि ती घरभर भिंतीभिंतीने हिंडायला लागली, तिच्या उंचीवर भिंतीला एक पुसट मातकट पट्टा उठलाय, तो मी अजून पुसलेला नाही. गणपतीला गावी गेलो तेव्हा तिला घेऊन गेलो. फ्लॅटमध्ये कोंबडी वाढवणं बरोबर नाही, तिला उकरायला माती पाहिजे, धुळीत लोळायला पाहिजे. शिवाय तुरा लाल व्हायला लागला होता आणि मान फुगवायची ऐट यायला लागली होती, म्हणजे भिंगरी कोंबडा निघाला. मुलीने नाव बदलायला साफ नकार दिला.

बाकीच्यांनी आधी टोचलं, चांगलंच. आईने मग त्याच्यापुरतं डालगं वेगळं केलं, पण त्यांना दिसेल असं शेजारीच ठेवलं, असे बरेच दिवस. आता दाणे टाकताना ती एक मूठ मुद्दाम पडवीच्या भिंतीकडेला टाकते, कारण भिंत उजव्या हाताला असली की त्याला जमतं हे मी तिला दाखवलं होतं. मधल्या मोकळ्या अंगणात अजूनही तो डावीकडे वळत जातो आणि भलतीकडे पोचतो, मग थांबून परत निघतो. मांजर आलं तर मात्र तो कसा पळेल याची मला काळजी आहे, आणि आईलाही, ती बोलत नाही पण संध्याकाळी सगळ्यात आधी त्यालाच आत घेते.

दिवाळीनंतर तो आरवायला लागला. आरवताना कोंबडा पूर्ण ताठ होतो, मान वर, डोळे मिटलेले, आणि याला डोळे मिटले की तोल नाही. पहिल्यांदा तो आरवता आरवताच आडवा झाला म्हणे. आता तो पडवीच्या खांबाला खेटून उभा राहतो, नीट टेकतो आणि मग बांग देतो, पहाटे साडेतीनपासून. आईने काल फोनवर तक्रार केली की सगळी वाडी जागी होते आणि शेजारच्या काकू बोलून दाखवतात. मग म्हणाली, येताना ती चिकटपट्टी घेऊन ये दोन रोल, यंदा परत एक कोंबडी खुडूक झालीये.